मॅक्लारेन तलावावरची ग्लोवर्म कयाक फेरी: एका बिघडलेल्या संध्याकाळचा अभ्यास

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर टौरंगा शहरातून महामार्ग २९ ने कैमाई डोंगरांच्या दिशेने निघालं, की थोड्याच वेळात मॅक्लारेन फॉल्स पार्क लागतं. १९० हेक्टरचं हे उद्यान टौरंगा महापालिकेचं आहे. त्यातला तलाव नैसर्गिक नाही. १९२५ साली वीजनिर्मितीसाठी नदी अडवली आणि मागे पाणी तुंबून तो तयार झाला. तलावाच्या वरच्या अंगाला पात्र आवळत जातं आणि उंच, ओल्या, नेच्यांनी भरलेल्या भिंतींची घळ सुरू होते. रात्री या भिंतींवर ग्लोवर्म नावाच्या अळ्या चमकतात. ते पाहायला संध्याकाळी कयाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, घेऊन जाण्याच्या मार्गदर्शित फेऱ्या इथे निघतात. टौरंगा, हॅमिल्टन किंवा ऑकलंडला राहणारी मराठी घरंही गावाहून आलेल्या आईवडिलांना अशा फेरीला नेतात.

खाली मांडलेली संध्याकाळ अभ्यासासाठी रचलेली आहे. ठिकाण, किडा, आकाश आणि नियम खरे आहेत. माणसं आणि त्यांच्या चुका अशा फेऱ्यांमध्ये हमखास दिसणाऱ्या गोष्टींवरून जुळवल्या आहेत. या प्रकरणात कोणी बुडत नाही, कोणाला दवाखान्यात न्यावं लागत नाही. तरी दहा पाहुण्यांपैकी बहुतेकांना जे पाहायचं होतं ते अर्धंच दिसतं आणि एक वयस्कर गृहस्थ कमरेपर्यंत भिजून कुडकुडत काठाला लागतात. अशा फेरीत सुरक्षेला उजेड लागतो आणि ग्लोवर्मना अंधार. ही ओढाताण पाण्यावर गेल्यावर सुटत नाही. ती काठावर, दिवस असतानाच सोडवावी लागते आणि त्या संध्याकाळी नेमकं तेच काम अर्धवट राहिलं.

किडा आणि त्याचा उजेड

भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे पाहिलेला माणूस इथे वेगळीच अपेक्षा घेऊन येतो, म्हणून हा फरक आधीच सांगून टाकलेला बरा. काजवा हा भुंग्यांच्या कुळातला. तो उडतो, लुकलुकतो आणि जोडीदाराला खूण देतो. न्यूझीलंडचा ग्लोवर्म, शास्त्रीय नाव अरॅक्नोकॅम्पा ल्युमिनोसा, ही एका चिलटासारख्या माशीची अळी आहे. माओरी भाषेत त्याला तितीवाई म्हणतात. ही अळी जागची हलत नाही, लुकलुकत नाही. ती संथ, सलग उजेड देते आणि तो भक्ष्याला फसवण्यासाठी असतो. भिंतीच्या किंवा कड्याच्या पुढे आलेल्या भागाखाली ती रेशमी नळीत आडवी राहते आणि खाली चिकट थेंब ओवलेले धागे सोडते. पाण्यातून निघालेली चिलटं उजेडाकडे झेपावतात, धाग्याला अडकतात आणि अळी धागा वर ओढून घेते. वाइटोमोसारख्या गुहेत, जिथे वारा नसतो, हे धागे हातभर लांब होऊ शकतात. उघड्या घळीत वाऱ्याने ते एकमेकांत गुंततात, म्हणून तिथे ते काही सेंटीमीटरचेच असतात. वारा असलेल्या रात्री पाहुण्यांना धागे का दिसत नाहीत, याचं हेच कारण.

अळीची अवस्था साधारण नऊ महिने टिकते. कोश दोनएक आठवड्यांचा आणि पूर्ण वाढलेली माशी अवघे काही दिवस जगते. तिला खायला तोंडच नसतं, त्यामुळे आयुष्यभराचं खाणं अळीलाच उरकावं लागतं. एखाद्या माणसाने गंमत म्हणून बोट फिरवलं आणि धागे तोडले, तर अळीला ते सगळे पुन्हा विणावे लागतात आणि तेवढ्या वेळात शिकार बुडते. भिंतीला हात लावायचा नाही, हा नियम निव्वळ शिस्तीचा म्हणून सांगितला तर लोक विसरतात. धागा म्हणजे तिचं ताट आहे, असं सांगितलं तर लक्षात ठेवतात.

उजेडाची तरंगलांबी सुमारे ४८७ नॅनोमीटर, म्हणजे निळा-हिरवा. डोळ्यातल्या अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या उजेडाला सर्वांत संवेदनशील असतात, म्हणून हा एवढासा उजेड आपल्याला दिसतो. मात्र त्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला अंधारात २० ते ३० मिनिटं लागतात. पांढऱ्या उजेडाचा एक झोत पडला की ही कमाई काही सेकंदांत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लांब तरंगलांबीचा मंद लाल उजेड दंडपेशींना जवळपास जाणवत नाही. फेरीतली सगळी दिव्यांची व्यवस्था या एका गोष्टीवर बेतायला हवी. आणखी एक बारकावा पाहुण्यांना सांगण्यासारखा आहे. दृष्टीच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच. म्हणून फिकट ठिपक्याकडे रोखून न पाहता जरा बाजूला पाहिलं, की तो जास्त ठळक दिसतो.

अळीही उजेडाला दाद देते. पांढरा झोत अंगावर आला की ती मंदावते, विझते आणि पूर्ववत व्हायला बराच वेळ घेते. म्हणजे एका बॅटरीने दोन्हीकडून नुकसान होतं: माणसाचे डोळे दिपतात आणि भिंत विझते.

त्या संध्याकाळची मांडणी

मार्चचा मध्य. तिथे उन्हाळा संपत आलेला, घड्याळ अजून उन्हाळी वेळेवर. सूर्यास्त ७.३५ च्या सुमारास, उघड्या पाण्यावर नीट अंधार ८.३० ला. घळीत झाडांमुळे तो पंधराएक मिनिटं आधीच होतो. शुक्ल अष्टमीच्या आसपासचा चंद्र. दक्षिण गोलार्धात चंद्र उत्तरेकडून जातो आणि मार्चमधला अष्टमीचा चंद्र तिथे क्षितिजापासून फार वर येत नाही. त्यामुळे साडेआठला तो उत्तरेला, किंचित वायव्येकडे, खाली, भिंतीआड असतो. फेरीसाठी ही चांगली तिथी. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्तालाच पूर्वेला उगवतो आणि ज्या घळीचं तोंड तिकडे असेल तिथे ऐन वेळी उजेड भरतो.

वारा पश्चिमेचा, दहा नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण अठरा किलोमीटरच्या, आत. नवशिक्यांना घेऊन जाताना पंधरा नॉटच्या पुढे फेरी रद्द करावी, असं आमचं मत आहे. उघड्या पाण्यावर जाताना मागून ढकलणारा वाराच परतीला थकलेल्या माणसांच्या तोंडावर येतो. आदल्या दोन दिवसांत डोंगरात पाऊस नव्हता, त्यामुळे पाणी गढूळ नव्हतं आणि वरून लोंढा येण्याची भीती नव्हती. मात्र हा वीजप्रकल्पाचा तलाव आहे. पाऊस असो वा नसो, पाण्याची पातळी बदलते. पुढे हाच मुद्दा महत्त्वाचा ठरला.

पाहुणे दहा, दोघांच्या पाच कयाक, मार्गदर्शक दोन, त्यांच्या एकेकट्याच्या दोन कयाक. पाहुण्यांत टौरंगात स्थायिक झालेलं एक मराठी जोडपं आणि साताऱ्याहून आलेले नवऱ्याचे आईवडील, दोघेही साठी ओलांडलेले, पोहता न येणारे. अकरा वर्षांची मुलगी आणि तिची आई. पाठीवर सॅक घेऊन फिरणारे दोन तरुण. आणि लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेलं एक जोडपं.

कयाक सुमारे पाच मीटर लांब, रुंद तळाच्या, मागच्या माणसाच्या पायाशी सुकाणूचे पेडल असलेल्या. बसण्याच्या जागेवर पाणी अडवणारं कापडी झाकण लावलेलं नव्हतं आणि ते बरोबरच होतं. कयाक उलटली तर ते झाकण पाण्याखाली स्वतः ओढून काढावं लागतं. ज्याने ते कधी केलेलं नाही त्याला अंधारात ते लावून देणं धोक्याचं आहे. झाकण नसलं की मांडीवर पाणी उडतं, एवढी गैरसोय पत्करावी.

जोड्या लावताना साताऱ्याच्या आजी-आजोबांना एका कयाकमध्ये बसवलं नाही. आजी मुलासोबत, आजोबा सुनेसोबत. वजनदार किंवा अनुभवी माणूस मागे, कारण सुकाणू त्याच्याकडे. इथे मात्र आजोबांचं वजन सुनेपेक्षा बरंच जास्त होतं. ते पुढे बसल्यामुळे कयाकचं नाक खाली दाबलं गेलं. मागे पाण्याच्या कॅनची पिशवी ठेवून तोल सावरायला हवा होता. तो तसाच राहिला.

लाइफ जॅकेट सगळ्यांना. पट्टे आवळून झाल्यावर मार्गदर्शकाने दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढून पाहायचं. जॅकेट हनुवटीला लागलं तर ते सैल आहे. वल्हं मारायला सोयीची, ५० न्यूटन उचल देणारी जॅकेट शुद्धीवर असलेल्या माणसाला तरंगत ठेवतात. पण बेशुद्ध माणसाला उताणं करण्याची हमी देत नाहीत. पोहता न येणाऱ्या माणसाला कॉलरवालं, जास्त तरंगणारं जॅकेट देता येतं. त्यात वल्हं मारताना हात अडखळतात, पण पुढे बसणाऱ्याने वल्हं कमी मारलं तरी चालतं.

नियमांचा भाग थोडक्यात. न्यूझीलंडमध्ये अशा साहसी उपक्रमांसाठी २०१६ ची नियमावली आहे. तिच्या कक्षेत येणाऱ्या आयोजकाला सुरक्षेचं लेखापरीक्षण करून घेऊन वर्कसेफकडे, म्हणजे कामाच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी करावी लागते. २०१९ च्या व्हाकारी ज्वालामुखी दुर्घटनेनंतर हे नियम आणखी कडक झाले. रात्रीच्या दिव्यांबाबत जलवाहतुकीचा नियम सोपा आहे. वल्ह्याने चालणाऱ्या होडीने दिवे लावले नसतील, तर पांढरा उजेड देणारी बॅटरी हाताशी तयार ठेवायची आणि टक्कर टाळण्यासाठी ती वेळेत दाखवायची. म्हणजे बॅटरी असायलाच हवी, पण ती सतत पेटवून ठेवायला हवी असं नाही. फेरीचं सगळं गणित या फरकावर उभं आहे.

उशीर

जमण्याची वेळ सव्वासहा. वेळापत्रक असं: पाऊण तास सामान, जोड्या आणि सूचना, सातला पाण्यात, साडेसातला तलावाच्या एका काठावर थांबून खाणं, आठ-पाचला पुन्हा पाण्यात, साडेआठच्या आधी घळीच्या तोंडाशी, अर्धा तास आत, साडेनऊला परत, कयाक पाण्यात सोडतात त्या उतारावर.

वाढदिवसवालं जोडपं पंचवीस मिनिटं उशिरा आलं. तोवर बाकीच्यांच्या सूचना संपत आल्या होत्या. एका मार्गदर्शकाने त्या दोघांना बाजूला घेऊन पाच मिनिटांत आटोपतं घेतलं: वल्हं कसं धरायचं, सुकाणू कसं वळवायचं, उलटलं तर कयाकला धरून राहायचं. बाकीच्यांचे मोबाइल तेव्हा पाणी न शिरणाऱ्या एका ड्राय बॅगमध्ये जमा झालेले होते आणि ती बॅग मार्गदर्शकाच्या कयाकच्या मागच्या कप्प्यात बंद झाली होती. या दोघांचे मोबाइल खिशातच राहिले. आवाज बंद करा, एवढंच त्यांना सांगितलं.

उशीर भरून काढायला सूचना कापणं ही या प्रकरणातली पहिली चूक. वेळ कापायचाच तर खाण्याचा कापावा. तो पस्तीस मिनिटांचा थांबा दहा मिनिटांवर आणला असता तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. उलट झालं असं, की काठावर चीज, बिस्किटं आणि वाइन यात ठरलेला वेळ पूर्ण गेला. या फेऱ्यांमध्ये सूर्यास्ताच्या वेळी वाइन देण्याची पद्धत रुळली आहे. आम्हाला ती पटत नाही. अंधारात डोलणाऱ्या कयाकमध्ये तोल सांभाळायला, आणि ओलं झाल्यावर अंगातली ऊब टिकवायला, अगदी थोडी दारूही आड येते. वाइन द्यायचीच तर ती परत आल्यावर, कयाक वर ओढून झाल्यावर द्यावी. जाताना गरम सूप किंवा चहा पुरे.

याच थांब्यावर कीटक पळवणाऱ्या मलमाचा विषय निघतो, कारण संध्याकाळी काठावर चावणाऱ्या बारीक माश्या येतात. मलम हाताला लावायचं ते इथेच. फवारा तर पार्किंगमध्येच उरकावा. कयाकमध्ये बसून, भिंतीपाशी, कधीच नको. जे औषध डासाला पळवतं ते ग्लोवर्म खातो त्या चिलटांनाही सोडत नाही.

घळीत

तोंडाशी पोचायला पावणेनऊ झाले. तिथे क्रम लावला: पुढे पहिला मार्गदर्शक, त्याच्या लगेच मागे सर्वांत अडखळणारी कयाक, म्हणजे आजोबा आणि सूनबाईंची, मग मुलगी आणि तिची आई, आजी आणि मुलगा, वाढदिवसवालं जोडपं, तरुणांची कयाक, शेवटी दुसरा मार्गदर्शक. हा क्रम विचार करून लावलेला होता. घळ जिथे पाच मीटरपेक्षा अरुंद होते तिथे दोघांची कयाक वळत नाही. सगळ्यांना उलटं वल्हवत बाहेर यावं लागतं. तेव्हा क्रम आपोआप उलटतो आणि दुसरा मार्गदर्शक पुढे येतो. कमजोर कयाक मात्र जाताना आणि येताना पहिल्याच मार्गदर्शकाच्या शेजारी राहते. उलटं जाण्याआधी सुकाणू वर उचलून घ्यायचं, नाहीतर ते भिंतीत किंवा चिखलात अडकून वाकतं. ही सूचना काठावर देऊन तिथेच प्रत्येकाकडून एकदा करून घ्यावी लागते. अंधारात सुकाणू उचलायची दोरी कोणाला सापडत नाही.

प्रत्येक कयाकच्या मागच्या टोकाला एक छोटा लाल दिवा होता, मागे तोंड करून, वर चिकटपट्टी लावून मंद केलेला. हिरव्या रासायनिक कांड्या स्वस्त पडतात म्हणून अनेकजण त्या बांधतात. पण त्यांचा उजेड दंडपेशींना सर्वांत जास्त टोचणाऱ्या पट्ट्यातच येतो आणि मागच्या कयाकला तासभर तीच कांडी दिसत राहते. मोजणी आवाजाने. दुसऱ्या मार्गदर्शकाने हळू आवाजात ‘एक’ म्हणायचं, मग प्रत्येक कयाकने आपला आकडा सांगत जायचं. तोंडाशी, आतल्या टोकाला आणि बाहेर पडल्यावर, अशी तीनदा.

आत गेल्यावर पहिली पाच-सात मिनिटं लोकांना फारसं दिसत नाही. भिंतीवर चार-दोन फिकट ठिपके, बस. मग दंडपेशी जाग्या होत जातात तसे ठिपके वाढतात, नेच्यांच्या मुळाशी, मातीच्या पुढे आलेल्या कडांखाली, अगदी पाण्यापासून हातभर उंचीवर. इथवर सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

मग दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. तलावाची पातळी दुपारपासून उतरली होती. उतारावरच्या खुणेवर मार्गदर्शकांनी सहाला ती पाहिली होती. तिथे खोल पाणी असल्याने फरक जाणवला नाही. घळीत मात्र एक बुडालेला ओंडका पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आला होता. पहिला मार्गदर्शक त्यावरून सहज गेला, कारण त्याची एकट्याची कयाक उथळ तरंगते. आजोबांची कयाक, नाक आधीच दबलेलं, ओंडक्यावर चढून अडकली. आजोबांनी आधारासाठी भिंतीकडे हात टाकला, कयाक त्या बाजूला कलली आणि कडेवरून पाणी आत आलं. सूनबाईंनी उलट्या बाजूला अंग टाकलं म्हणून ती उलटली नाही. पाणी आत आल्याचा मोठा खळखळाट झाला. तो ऐकून वाढदिवसवाल्या जोडप्यातल्या एकाने मदतीच्या भावनेने खिशातून मोबाइल काढला आणि त्याचा पांढरा दिवा लावला.

दिवा दहाएक सेकंद होता. ‘बंद करा’ असं मार्गदर्शकाने दोनदा म्हटलं. तोवर तो झोत दोन्ही भिंतींवरून फिरला होता. दहा माणसांचे डोळे दिपले आणि त्या पट्ट्यातली भिंत काळी पडली. त्या उजेडाचा ओंडक्याच्या कामी काही उपयोगही झाला नाही, कारण तो मागून आला आणि आजोबांच्या पुढे त्यांच्याच सावलीचा काळोख पडला.

त्या क्षणी पहिल्या मार्गदर्शकाने जे केलं ते बरोबर होतं. त्याने आपला लाल दिवा आजोबांच्या मांडीवर टाकला, कयाकला कयाक चिकटवून तिचं नाक हाताने धरलं आणि सांगितलं की वल्ही आडवी दोन्ही कयाकवर ठेवा. दोन कयाक आणि वर दोन वल्ही, हा तराफा लवकर कलंडत नाही. मागून मुलाने मराठीत सांगितलं, “बाबा, भिंत सोडा, वल्हं आडवं मांडीवर घ्या आणि नुसते बसून राहा.” भाषेचा इथे खरा उपयोग झाला. घाबरलेल्या माणसाला परक्या भाषेतली सूचना ऐकू येते, पण कळायला वेळ लागतो. ज्या गटात कोणाचे आईवडील इंग्रजी फारसं बोलत नाहीत, तिथे त्यांच्या माणसाला हाकेच्या अंतरावर ठेवावं. आणि ‘सोडा’, ‘धरा’, ‘थांबा’, ‘मागे’ असे चार शब्द त्यांच्याच भाषेत मार्गदर्शकाने काठावर शिकून घ्यावेत.

ओंडक्यावरून कयाक मागे ओढून काढली. हातपंपाने पाणी उपसलं. कयाकच्या पोटातलं पाणी जेवढे लिटर तेवढे किलो वजन वाढवतं आणि ते डुचमळत राहून तोल घालवतं. म्हणून हलण्याआधी उपसायचंच, परतताना नाही. या सगळ्यात बारा मिनिटं गेली.

परतीची वाट

आता नऊ वाजून पाच मिनिटं. आणखी आत जायचं की फिरायचं? डोळे पुन्हा तयार व्हायला किमान वीस मिनिटं हवीत आणि भिंत पूर्ववत व्हायलाही वेळ हवा. आजोबा कमरेपासून खाली ओले, सुती पँट घातलेले. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब शोषत राहतं. लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं कापड ओलं असूनही थोडी ऊब देतं. मार्गदर्शकाने फिरायचं ठरवलं आणि ते योग्यच होतं. दहा माणसांनी पैसे मोजलेत म्हणून एका ओल्या माणसाला अर्धा तास आणखी बसवून ठेवणं कुठल्याही हिशेबात बसत नाही.

मार्गदर्शकाकडे एक मोठं वारारोधक जॅकेट होतं, लाइफ जॅकेटच्या वरून घालता येईल एवढं मोठं. ते आजोबांना चढवलं, लोकरीची टोपी दिली. लाइफ जॅकेट काढून आत स्वेटर घालायचा मोह होतो. पाण्यावर असताना ते कधीच काढायचं नाही, म्हणूनच हे वरून घालायचं जॅकेट सोबत ठेवतात. बाहेर उघड्या पाण्यावर आल्यावर पहिल्या मार्गदर्शकाने त्यांची कयाक पाच मीटरच्या दोराने ओढली. दोर मार्गदर्शकाच्या कमरेच्या पट्ट्याला, एका हिसक्याने सुटणाऱ्या बकलने लावलेला. आजोबांना वल्हं मारत राहायला सांगितलं, जोराने नव्हे, अंग हलत राहावं म्हणून. दुसरा मार्गदर्शक पुढे, उतारावर ठेवलेल्या लाल दिव्याच्या दिशेने. क्रम आधी विचार करून लावलेला असल्यामुळे या सगळ्यात कोणालाही जागा बदलावी लागली नाही. त्या संध्याकाळच्या मांडणीतला हा सर्वांत भक्कम भाग.

काठाला लागल्यावर कोरडे कपडे, गरम गोड चहा, गाडीत हीटर. दहा मिनिटांत कापरं थांबलं. कापरं थांबलं पण माणूस गुंगल्यासारखा बोलतो आहे, शब्द अडखळतात, असं दिसलं असतं तर चहा बाजूला ठेवून रुग्णवाहिका बोलवायची, हा नियम. तसं काही नव्हतं.

कुठे चुकलं

मोबाइलवर खापर फोडणं सोपं आहे. पण त्या माणसाने जे केलं ते कोणीही केलं असतं. अंधारात खळखळाट ऐकून दिवा लावणं ही माणसाची पहिली प्रेरणा. ती सूचनेने थांबत नाही. फोन हाताशी नसणं हाच उपाय. उशिरा आलेल्या दोघांची फोन जमा करण्याची पायरी सुटली, कारण बॅग आधीच बंद झाली होती आणि ती पुन्हा उघडायला दोन मिनिटं लागली असती. त्या दोन मिनिटांच्या बदल्यात दहा जणांची घळ गेली.

ओंडक्याची चूक निराळी. पातळी जिथे पाहिली ती जागाच चुकीची. उतारावरचं पाणी खोल असतं. दहा-वीस सेंटीमीटरचा फरक तिथे काही सांगत नाही. घळीच्या तोंडाशी एखादा ठरावीक दगड किंवा फांदी खूण म्हणून निवडावी आणि आत शिरण्याआधी तिच्याकडे पाहून निर्णय घ्यावा. खुणेचा दगड उघडा पडला असेल तर पहिल्या मार्गदर्शकाने एकट्याने आत जाऊन यावं, तोवर गटाने तोंडाशी कयाकला कयाक लावून थांबावं. डोळे अंधाराला सरावायला हा वेळ सत्कारणी लागतो. खरं तर रोजच तोंडाशी दहा मिनिटं थांबणं फायद्याचं आहे. पाहुण्यांना आधी तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो, पण आत गेल्यावर पहिल्या मिनिटापासून भिंत दिसते.

नाक दबलेल्या कयाकचा प्रश्न जोड्या लावतानाच सुटला असता. पाच मीटरच्या कयाकमध्ये पुढच्या-मागच्याच्या वजनात वीस किलोंहून जास्त फरक पडला, तर मागे वजन ठेवायचं किंवा जोडी बदलायची, असा साधा नियम करावा. आजोबा मुलासोबत आणि आजी सुनेसोबत बसल्या असत्या तरी भागलं असतं.

बदललेली पद्धत

उशिरासाठी एक वेळ ठरवावी आणि ती आरक्षणाच्या वेळी लेखी कळवावी. वीस मिनिटांपर्यंत उशीर चालेल, पण खाण्याचा थांबा कमी होईल. त्यानंतर दुसऱ्या रात्रीची जागा मिळेल. सूचना कोणासाठीही कापायच्या नाहीत. फोनची बॅग शेवटचा पाहुणा आल्याशिवाय बंद करायची नाही. बॅगेत किती फोन आहेत ते मोजायचं आणि पाहुण्यांच्या संख्येशी ताडून पाहायचं. फोन आणला नाही असं कोणी सांगितलं तर तेही लिहून घ्यायचं. चमकणारी घड्याळं याच बॅगेत. स्मार्ट घड्याळ मनगट वळलं की आपोआप पेटतं आणि घातलेल्याच्या ते लक्षातही येत नाही.

फोटोंबद्दल आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगावं. ग्लोवर्मचा फोटो यायला कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून पंधरा ते तीस सेकंद किंवा त्याहून जास्त उघडा ठेवावा लागतो. तरंगत्या कयाकमधून त्याच्या रेघा येतात, ठिपके येत नाहीत. फोटो हवाच असेल त्याने उद्यानातल्याच पायवाटेवर तिपाई घेऊन जावं. तिथेही ग्लोवर्म आहेत आणि पायाखाली जमीन स्थिर आहे. हे आधी कळलं की फोन द्यायला कोणी कुरकुर करत नाही.

मार्गदर्शकाकडे दोन बॅटऱ्या: एक लाल, गळ्यात, एक पांढरी, जॅकेटच्या खिशात, बटण आत दाबलं जाणार नाही अशी. पांढरी कधी लावायची हे दोघांत आधी ठरलेलं असावं. समोरून दुसरी होडी येत असेल, कोणी पाण्यात पडलं असेल किंवा आकडा मोजताना एक कमी आला असेल, तेव्हा क्षणभरही विचार न करता ती लावायची. ग्लोवर्म नंतर पुन्हा चमकतील. पाणी कयाकमध्ये आलंय पण माणसं आत बसलेली आहेत, अशा वेळी लाल पुरतो. त्या संध्याकाळी पहिल्या मार्गदर्शकाला हा फरक ठाऊक होता. पाहुण्यांना तो कोणी सांगितला नव्हता. काठावरच्या सूचनांमध्ये एक वाक्य घालावं: आवाज आला तर काही करू नका, हलू नका, दिवा आम्ही लावू.

मराठी घरांतून आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळं सांगायचं तर: जीन्स आणि साडी-पंजाबी ड्रेस नको, लोकरीची किंवा व्यायामाची पँट आणि बदलायला एक पूर्ण जोड गाडीत. गुडघेदुखी असेल तर कयाकमध्ये पाय लांब करून दीड-दोन तास बसता येतं का, हे घरी जमिनीवर बसून पाहावं. रक्तदाबाची, लघवी जास्त होण्याची गोळी असेल तर मार्गदर्शकाला आधी सांगावं, कारण खाण्याच्या थांब्यानंतर जवळपास दीड तास कुठेही उतरता येत नाही.

परतल्यावरची कामंही या फेरीचाच भाग आहेत. कयाक उपसून, आतून-बाहेरून तपासून, धुऊन पूर्ण वाळवायच्या. वाइकाटो नदीवरच्या कारापिरो तलावात २०२३ साली कॉर्बिक्युला जातीचे परके शिंपले सापडले. तिथेही ग्लोवर्मच्या कयाक फेऱ्या निघतात. त्याच कयाक दोन पाण्यांत फिरत असतील तर कप्प्यात राहिलेलं ओंजळभर पाणीसुद्धा पुढच्या तलावात नेऊ नये. लाइफ जॅकेटची बकलं, दोराचं सुटणारं बकल आणि सुकाणूची दोरी त्याच रात्री तपासायची. नोंदवहीत खुणेच्या दगडाची पातळी, ओंडक्याची जागा, आत घालवलेली मिनिटं आणि किती वेळा पांढरा उजेड लागला हे लिहायचं. ओंडका हलवता येण्यासारखा असेल तर दुसऱ्या दिवशी उजेडात, उद्यान व्यवस्थापनाला विचारून. तो हलेपर्यंत रोजच्या सूचनांमध्ये त्याची जागा सांगायची आणि दोघांच्या कयाक त्या वळणाच्या अलीकडेच थांबवायच्या.